शिंगाडा, वाळा आणि वरून येणारं पाणी: चिबड जमिनीचं गणित

आमच्याकडे सोयरीक जुळवताना पोराकडचे लोक वावर किती ते सांगतात तेव्हा नदीकडची चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी, जमीन त्यात धरतच नाहीत. "पाच एकर आहे, अन् दीडेक एकर खाली नदीकडं आहे पण ते सोडा" असं म्हणतात. वैनगंगेच्या काठच्या गावांमध्ये असं सोडून दिलेलं वावर घरोघरी सापडते. पावसाळ्यात कंबरभर पाणी, दिवाळीपर्यंत चिखल, मग भेगा. ना तूर येत ना कापूस, धान लावला तर एखाद्या वर्षी होतो आणि दोन वर्षं बुडतो. मला गेल्या दोन वर्षात कितीतरी जणांनी विचारलं की भाऊ अशा जमिनीत काही होते का, कोणी म्हणते शिंगाडा लाव, कोणी म्हणते मखाना लाव, मोबाईलवर व्हिडिओ पाहून तर लोक एकदम लाखाच्या गोष्टी करून राहिले. म्हणून जे मला पाहून, करून आणि जाणत्या माणसांना विचारून कळलं ते एका जागी लिहून ठेवतो.

पहिले हे समजून घ्या की चिबड जमिनीत पीक मरते काहून. आपण म्हणतो पाणी जास्त झालं. खरं पाहिलं तर ते झाड गुदमरून मरते. मुळालाही श्वास घ्यावा लागतो, मातीच्या कणांच्या मध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात त्यात हवा असते, तिथून मूळ ऑक्सिजन घेते. पाणी साचलं की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा जवळपास १०,००० पट हळू सरकतो. म्हणजे वरून कितीही हवा असली तरी खाली मुळापर्यंत ती पोहोचतच नाही. मातीत होता तेवढा ऑक्सिजन जंतू एक-दोन दिवसात संपवतात, मग वेगळे जंतू कामाला लागतात जे ऑक्सिजन नसताना जगतात, त्यांच्यामुळं तो सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. चिबड वावरातला गाळ हातात घेऊन पाहा, वरचा पापुद्रा तपकिरी आणि बोटभर खाली काळा-निळसर. तो काळा रंग म्हणजे इथं हवा नाही याची पावती. संत्र्याच्या बागेत पाणी साचून राहिलं की डिंक्या रोग येतो, त्याची बुरशी पण अशाच ओल्या गुदमरलेल्या मुळावर चढते, काटोल-वरुडकडच्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

धान काहून तगतो मग? कारण धानाच्या आत पोकळ नळ्या असतात, पानातून हवा खाली मुळापर्यंत जाते. पण त्याला शेंडा पाण्याच्या वर पाहिजे. तीन-चार फूट पाणी आठ-दहा दिवस डोक्यावरून राहिलं की धानही सडतो. नदीकाठच्या खोलगट जागेत नेमकं हेच होते. तिथं असं झाड पाहिजे जे पाण्याबरोबर वर येईल, आणि शिंगाडा तेच करतो.

आपला भाग यासाठी कसा आहे ते पाहा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरचा पूर्वेकडचा पट्टा, इथं मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधायला घेतलेले. लहान मोठे मिळून हजारो आहेत, शिवाय वावरातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्या. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्यांची जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडं आले, आणि गाळ काढायची गावाची जुनी रीत हळूहळू सुटली. त्यामुळं बरेच तलाव उथळ झाले, काठाला बेशरमाची झुडपं माजली. उथळ तलाव सिंचनाला वाईट पण शिंगाड्याला चालतो, ही एक जरा दुखरी गोष्ट आहे. दुसरीकडं गोसीखुर्द धरण, पवनी तालुक्यात वैनगंगेवर, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातानं भूमिपूजन झालं आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. त्याचं बॅकवॉटर वर भंडाऱ्याकडं आणि कुहीकडं पसरलं. आधी उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाड्या असायच्या, डांगर, टरबूज, काकडी, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या कितीतरी घरांचं वर्ष त्यावर निघायचं. रेतीच पाण्याखाली गेली तर वाडी कुठं करणार. काठाची जमीन मात्र आता वर्षातले पाच-सहा महिने पाणथळ राहून राहिली. आणि नागपूर किती दूर, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. सकाळी तोडलेला माल दुपारच्या आत शहरात.

आता शिंगाडा. याचं जुनं संस्कृत नाव शृंगाटक, शृंग म्हणजे शिंग. आधी एक गैरसमज काढून टाकू, चायनीज जेवणात जे पांढरं कुरकुरीत वॉटर चेस्टनट म्हणून येते ते हे नाही, ते एका लव्हाळ्यासारख्या गवताचा कांदा असते. आपला शिंगाडा हे फळ आहे, म्हणूनच उपवासाला चालतो, धान्यात मोजत नाहीत.

मी हे झाड पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या गावच्या ढीवर काकाजींच्या बोडीत. वरून पाहिलं तर पानांची एक गोल चकती पाण्यावर पसरलेली, मध्ये लहान पानं आणि बाहेर मोठी, अशी बसवलेली की कोणतंही पान दुसऱ्याचं ऊन अडवत नाही. मी वेल पकडून ओढायला गेलो तर काकाजी म्हणाले, "ओढू नको बाबू, उलटून पाह्य." चकती हळूच उलटी केली. खालून पानं लालसर, आणि प्रत्येक पानाच्या देठात मधोमध एक फुगीर गाठ. दोन बोटात दाबली तर स्पंजासारखी दबते. ती हवेची पिशवी आहे, तिच्यामुळं अख्खी चकती तरंगते. चकतीच्या मधातून दोरीसारखा बारीक वेल खाली गाळापर्यंत गेलेला. त्या वेलाला जागोजागी पिसासारखी हिरवी मुळं, पाण्यात लोंबकळणारी. म्हणजे याला दोन प्रकारची मुळं, गाळातली धरून ठेवायला आणि पाण्यातली पाण्यातलंच खत ओढायला. ही पाण्यातली मुळं ध्यानात ठेवा, पुढं शहराचं सांडपाणी येते तेव्हा यांचंच काम आहे.

फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, पाण्याच्या वर उमलते. फळ धरलं की देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली जाते, बाकी सगळं वाढणं खाली अंधारात. फुलाच्या बुडाशी चार हिरवी दळं असतात, त्यातली दोन वाढून टणक होतात, तीच शिंगं. म्हणून काकाजी म्हणाले उलटून पाह्य, वरून पाहणाऱ्याला वाटते नुसती पानं आहेत, सगळा माल खाली लटकलेला असतो.

पाणी हळूहळू चढलं तर वेल लांब होत जातो आणि चकती वरच राहते. एका रात्रीत चार फूट चढलं तर मात्र वेल गाळातून उपटतो नाहीतर चकती बुडते. म्हणून वाहत्या नदीत शिंगाडा होत नाही, थांबलेलं पाणी लागते, गुडघ्यापासून छातीपर्यंत. बॅकवॉटरच्या अगदी मोकळ्या काठावर पण भरवसा नाही, कारण धरणाची दारं कधी उघडतील आणि कधी बंद होतील ते आपल्या हातात नसते. बांध घातलेली बोडी किंवा तलावाचा उथळ भाग हीच खरी जागा.

आता वर्षाचं चक्र सांगतो, कारण नव्या माणसाची चूक इथंच होते. त्याला वाटते पावसाळ्यात पाणी आलं की लावू. शिंगाडा मृगात ठरत नाही, तो मे महिन्यात ठरतो. कसं ते पाहा. बी म्हणजे पिकलेलं फळच, पौष-माघात मोठी, निरोगी, निबर फळं निवडून ठेवायची. पण धानाच्या बियाण्यासारखं वाळवून कोठीत नाही ठेवायचं, वाळलं की ते बी मेलं, याला ओलंच ठेवावं लागते, माठात नाहीतर ड्रममध्ये पाण्यात बुडवून, आणि पाणी बदलत राहायचं. फाल्गुनाच्या आसपास कोंब फुटतात. मग ते छोट्या बोडीत टाकायचे, फूट दीड फूट पाणी, तीच नर्सरी. आणि ती नर्सरी चैत्र, वैशाख, जेठ जगवायची, आपल्या विदर्भाच्या उन्हात, जिथं पारा ४५ च्या वर जातो आणि तलावात गुरं बसायला पाणी राहत नाही. ज्याच्याकडं उन्हाळ्यात न आटणारी एक खोलीएवढी तरी बोडी आहे किंवा शेजारी विहीर आहे, त्याचाच शिंगाडा होतो. बाकीच्यांना रोपं विकत आणावी लागतात. जागा पाहायला जाल तेव्हा ऑगस्टमध्ये जाऊ नका, मेमध्ये जा.

आषाढात पाणी भरलं की लावणी. दोन-तीन वेलांची एक जुडी करून, मीटर सव्वा मीटरवर, पायाच्या अंगठ्यानं गाळात दाबून बसवायची. हातानं होत नाही कारण हात तिथपर्यंत पोहोचला तर तोंड पाण्यात जाते. बाया-माणसं ओळीनं उभी राहून, अंगठ्यानं दाबत दाबत मागं सरकतात, धानाच्या रोवण्यासारखंच, फक्त कंबरभर पाण्यात. जळवा लागतात. दीड महिन्यात सगळं पाणी हिरवं होते, भादव्यात फुलं, आणि दसऱ्याच्या आगेमागे पहिला तोडा. तिथून पौषापर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी तोडा. तोडायला डोंगा नाहीतर टायरची ट्यूब. पिकलेलं फळ नुसत्या धक्क्यानं सुटते, ओढावं लागलं तर कोवळं आहे. पण फार पिकू दिलं तर ते आपोआप सुटून तळाला जाते, मग गेलं ते गेलं (काही पुढच्या वर्षी आपसूक उगवतात). काकाजींच्या बोटांची कातडी कार्तिकात काळी पडलेली असते, शिंगाड्याच्या सालीतल्या तुरट रसानं, साबणानं जात नाही.

आमचा एक अनुभव सांगतो, लपवून फायदा नाही. एका वर्षी नर्सरी आटली म्हणून आम्ही बाहेरून रोपं आणली, घाईघाईत, पानं नीट न पाहता. पानाच्या वर पिवळसर बारीक अंड्यांचे ठिपके होते ते ध्यानातच आलं नाही. वीस दिवसात पानांची चाळणी. हा शिंगाड्याचा भुंगा, लहानसा, तपकिरी, याची अळी आणि मोठा भुंगा दोघंही पान खातात, आणि दमट गरमीत याची पिढी तीनेक आठवड्यात पूर्ण होते, म्हणजे एका मोसमात पिढ्यावर पिढ्या. ज्यानं रोपं विकली त्याला बोलून काय होणार होतं, पाहायला आम्ही पाहिजे होतो. तेव्हा एकानं सल्ला दिला की फवारा मारा. काकाजींनी साफ मनाई केली. एक तर बोडीत मासे, दुसरं म्हणजे माणूस कंबरभर पाण्यात उभा राहून औषध मारणार, तेच पाणी अंगाला, आणि फळ त्याच पाण्यात पोसून राहिलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर मेले, ते कोरड्या कापसाच्या वावरात उभे होते. इथं तर पाण्यातच. मग आम्ही अंडी असलेली पानं तोडून काठावर आणून जाळली, रोज सकाळी, दोन आठवडे. निम्मं पीक वाचलं. आता कुठूनही रोपं आली की आधी वेगळ्या टाक्यात ठेवतो, पान न् पान पाहतो, मगच बोडीत. आणि शेवटचा तोडा झाला की जुने वेल बाहेर काढून टाकतो, ते तसेच सडू दिले तर किडीला घर मिळते आणि गाळ पण वाढतो.

पैशाचं बोलू. हिरवा शिंगाडा तीन अवस्थेत विकल्या जातो, कोवळा कच्चा खायला, मधला उकळून, निबर सुकवून पिठाला. उकळलेले काळे शिंगाडे नागपुरात रस्त्यावर ढिगानं दिसतात, कॉटन मार्केट, बुधवारी बाजार, गोकुळपेठ, हिवाळाभर. ओला माल चार-दोन दिवसात उतरतो, म्हणून शहर जवळ असणं एवढं महत्त्वाचं. पिठाचा हिशोब वेगळा आहे आणि तो घरी बसून करता येतो. सहा किलो निबर शिंगाडा घ्या. निम्मं वजन टरफलाचं, राहिला तीन किलो गर. गरात सत्तर टक्के पाणी, ते उडालं की राहिलं किलोभराच्या आसपास. म्हणजे सहा किलोचं एक किलो पीठ, वर सोलायची मजुरी, वाळवायला आठ-दहा दिवसांचं कडक ऊन. पिठाचा भाव ओल्या मालाच्या सहापटीहून भरपूर जास्त असेल तरच ते परवडते, आणि तो भाव नवरात्र-शिवरात्रीच्या तोंडावर मिळते जेव्हा आपला माल एकतर यायचा असतो नाहीतर संपलेला असतो. म्हणून ज्याच्याकडं कोरडी कोठी आहे, मुंग्या-किड्यापासून माल सांभाळता येतो, त्यानंच पिठाच्या नादी लागावं. बाकीच्यांनी ओला विकावा. बचत गटाच्या बायांनी मिळून सोलणं-वाळवणं केलं तर चित्र बदलते, पण त्यात सोलण्याच्या कामाला घरचं फुकटचं काम धरू नका, ते सगळ्यात किचकट काम आहे, शिंगं टोचून बोटं सुजतात.

एक भांडण दरवर्षी होते ते पण सांगायलाच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये धान निसवते, म्हणजे लोंबी बाहेर येते, त्याला शेवटचं पाणी पाहिजे. त्याच वेळी शिंगाडा पाण्याखाली भरत असते, त्याला पाणी तलावातच राहायला पाहिजे. गेट उघडलं की पाणी खाली, वेल चिखलावर टेकतात, पानं करपतात, फळ भरत नाही. धानवाला म्हणते तलाव सिंचनासाठी बांधला, ते खरं. ढीवर म्हणते संस्थेनं ठेक्याचे पैसे भरले, तेही खरं. छोटे तलाव, म्हणजे १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे, जिल्हा परिषदेकडं असतात आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेला मिळते, पण शिंगाड्याच्या पाण्याची पातळी किती राहील हे बहुतेक कुठंच लिहिलेलं नसते. शेजारच्या एका गावात यावर साधा तोडगा निघाला, तलावात एक दगड आहे, त्या दगडाचा माथा उघडा पडला की गेट बंद, त्याच्या वर जेवढं पाणी आहे ते धानाचं. जून महिन्यात, पिकं लागायच्या आधी, सगळ्यांसमोर ठरवलं. ऑक्टोबरमध्ये ठरवायला बसलं की काठ्याच निघतात.

मासे आणि शिंगाडा एकत्र होते का, होते, पण सगळं पाणी शिंगाड्यानं झाकू नये. झाकलं की खाली ऊन जात नाही, शेवाळ बनत नाही, रात्री ऑक्सिजन कमी पडते, रोहू-कतला तडफडते. मागूर, शिंगी वरची हवा घेऊ शकतात म्हणून ते तगतात.

आता शहराकडं येऊ, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. शहर जवळ म्हणजे बाजार जवळ, तसंच गटारही जवळ. नाग नदी नागपूर शहरातून सांडपाणी घेऊन निघते, पुढं कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या पाण्यात येते. आंभोऱ्याला आपण चैतन्येश्वराच्या दर्शनाला जातो, तिथल्या संगमात शहराचं पाणी पण आहे. हे पाणी शेताला काय करते? सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर, म्हणून वेल एकदम हिरवागार, पानं ताटाएवढी, माणूस खुश. इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, पण याच खुराकावर माजते, ज्या पाण्यात इकॉर्नियाची चादर दिसते तिथं वरून सांडपाणी येऊन राहिलं असा संशय घ्यायलाच पाहिजे. ती पिसासारखी पाण्यातली मुळं आठवा. ती खत ओढतात तसंच पाण्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम असेल तर तेही ओढतात. जास्त भाग मुळात आणि पानात राहते, फळात कमी येते, पण येत नाही असं नाही. आणि रंग, चव, वास, कशावरून कळत नाही.

इथं दोन वेगळे धोके आहेत आणि लोक ते एकात मिसळतात. एक जिवंत धोका, जंतू आणि कृमी. शिंगाड्याच्या सालीवर एका चपट्या कृमीची बारीक अंडकोषासारखी पुटकुळी चिकटू शकते, ही कृमी डुकराच्या नाहीतर माणसाच्या आतड्यात राहते, तिची अंडी विष्ठेतून पाण्यात, तिथून गोगलगायीत, तिथून पाण्यातल्या झाडावर, आणि आपण दातानं शिंगाडा सोलला की परत पोटात. ज्या तलावाच्या काठाला लोक बाहेर बसतात, डुकरं फिरतात, तिथला कच्चा शिंगाडा दातानं सोलून खाऊ नये. स्वच्छ पाण्यानं धुवा, सुरीनं सोला, लेकरांना तर उकळूनच द्या. उकळलं की हा धोका संपला. दुसरा धोका धातूंचा, तो उकळून जात नाही. जंतू मरते, शिसं मरत नाही. त्याला एकच उपाय, ते पाणी मुळात बोडीत येऊच द्यायचं नाही.

कोणी म्हणेल कोलकात्यात तर सांडपाण्यावरच मासे आणि भाजी करतात. करतात, शहराच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरचा पाणथळ पट्टा आहे, २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. पण तिथं पाणी उथळ तलावात पसरवून दिवसेंदिवस उन्हात ठेवतात, जंतू घाण फोडतात, शेवाळ ऑक्सिजन देते, मग ते माशाच्या कामाचं होते. कोळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या हे शिकून घेतलंय. आपल्याकडं नाल्याचं पाणी सरळ बांधीत वळवतो, त्याला ना जागा ना वेळ.

म्हणून मी जमीन पाहायला गेलो की पीक विचारायच्या आधी पाणी कुठून येते ते विचारतो, आणि वरच्या अंगानं दोन किलोमीटर पायी चालतो. नाला कुठल्या गावातून, कुठल्या कारखान्याच्या मागून येते ते डोळ्यानं पाहायचं. पावसाचं आणि रानातलं पाणी भरत असेल तर शिंगाडा बिनधास्त. शंका असेल तर नमुना तपासून घ्यायचा, नुसता पीएच आणि क्षार नाही, शिसं, कॅडमियम, क्रोमियम मागून घ्यायचं. तलावाच्या पाण्याबद्दल नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात आणि पिकाबद्दल आपापल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

आणि पाणी खराबच निघालं तर? तर खायचं पीक नको, वाळा लावा. उन्हाळ्यात कूलरला, खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावायची रीत विदर्भात जुनी आहे, पाणी शिंपडलं की अख्खं घर सुवासिक. वाळ्याचं मूळ तीन मीटरपर्यंत सरळ खाली जाते, काठ धरून ठेवते, वरून पाणी गेलं तरी काही दिवस तगते, वाळलं तरी तगते, म्हणजे आमच्या त्या पाणी-चिखल-भेगा अशा जमिनीला एकदम फिट. ठोंब लावायचे, दीड वर्षानं मुळं खणायची. खराब पाण्यातली घाण पण हे मूळ बरीच धरून ठेवते. फक्त एक, अशा जागेचा वाळा ताटीला चालेल, माठात टाकायला नाही आणि सरबताला तर नाहीच. विकताना समोरच्याला हे सांगून विकायचं.

कमळाचं पण विचारतात. कमळकाकडीला नागपुरात जरीपटक्याचं गिऱ्हाईक पक्कं आहे, सिंधी घरात ती नेहमी लागते, आणि लक्ष्मीपूजनाला फुलं. पण कमळ एकदा तलावात शिरलं की निघत नाही, आणि त्याची पानं शिंगाड्याचं ऊन खातात, दोन्ही एका बोडीत लावू नका. शिवाय कमळकाकडी गाळातच वाढते, म्हणून गाळ खराब तर तीही नको. मखान्याबद्दल मी उत्साह देणार नाही. बिहारच्या मिथिलेतला मखाना मोठा झाला तो तिथल्या लोकांच्या हातामुळं, तळातून बी गोळा करणं आणि ते भाजून फोडणं हे कसब आपल्याकडं अजून नाही, झाड जगवणं त्यामानानं सोपं.

मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागात सोचिमिल्को म्हणून जागा आहे, तिथं दलदलीत गाळ उपसून लांब लांब उंच पट्टे केलेत, दोन पट्ट्यांच्या मध्ये पाण्याचे कालवे, काठ धसू नये म्हणून विलोची झाडं. पट्ट्यावर भाजी आणि फुलं होतात, शहरात विकतात, शेकडो वर्षांपासून. आपल्या भाषेत सांगायचं तर ही एक राक्षसी सरी-वरंबा पद्धत आहे, वरंब्यावर मुळांना हवा, सरीत पाणी. बॅकवॉटरच्या काठाला हे जमणार नाही कारण आपल्याकडं पाणी एका मोसमात कितीतरी चढते-उतरते. पण ज्या चिबड वावरात गुडघ्याएवढंच पाणी साचते तिथं छोट्या प्रमाणात करून पाहण्यासारखं आहे, वरंब्यावर वांगी, धने, झेंडू आणि खोल सरीत शिंगाडा. आम्ही गेल्या वर्षी अर्ध्या एकरात चार वरंबे घातले, दोन पहिल्याच पावसात बसले कारण काठाला काही लावलं नव्हतं. या वर्षी काठाला वाळ्याचे ठोंब आहेत.

नर्सरीच्या बोडीत सध्या मांडीभर पाणी आहे, कोंब फुटून वर आलेत, पानं अजून रुपयाएवढी. काकाजींनी मधात एक बांबू रोवून त्यावर चुन्यानं दोन रेघा मारल्यात. खालची रेघ उघडी पडली की विहिरीची मोटर लावायची, तिच्या बिलाचे पैसे कोण किती देणार ते पण लिहून ठेवलंय.